निवृत्तीनंतर घर कुठे: गुहागरला की वाईला?

प्रश्न : आम्ही दोघं डोंबिवलीत राहतो. यजमान ६३ वर्षांचे, मी ५९. त्यांची दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली आहे, मला गुडघेदुखी. गुहागर तालुक्यातल्या एका गावात समुद्रापासून साधारण दीडशे मीटरवर सात गुंठे मिळताहेत. वाईजवळ एक तयार बंगलाही पाहिला. दोन्ही जागा डिसेंबरात पाहिल्या. मन कोकणाकडे ओढतंय. काय करावं?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, आधी त्या दीडशे मीटरचं बघू, कारण प्रश्न तिथेच संपू शकतो. सीआरझेडच्या, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राच्या, २०१९ च्या अधिसूचनेनुसार कमी लोकवस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंतचा पट्टा ना-विकास क्षेत्र असतो. तिथे तुम्हाला नवं घर बांधता येणार नाही. ही भरतीरेषा मंजूर किनारा नकाशावर आखलेली असते. वाळूवर दिसणारी ओली खूण म्हणजे ती नव्हे. तेव्हा इसार देण्याआधी गट क्रमांक त्या नकाशावर बसवून घ्या. शिवाय सातबारा शेतीचा असेल आणि तुमच्या दोघांच्या नावावर कुठेच शेतजमीन नसेल, तर कूळकायद्याच्या कलम ६३ मुळे खरेदीच अडते. ‘एनए (बिगरशेती) करून देतो’ या तोंडी शब्दावर पैसे देऊ नका, आदेशाची प्रत हातात घ्या.

त्याच गावात आत, सीआरझेडच्या कक्षेबाहेर म्हणजे पाचशे मीटरच्या पलीकडे जागा मिळाली, तर पुढचं बोलू.

पाणी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पाहा. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण जांभा सच्छिद्र असल्याने पाणी खाली निघून जातं आणि सड्यावरच्या, म्हणजे जांभ्याच्या उंच माळावरच्या, विहिरी एप्रिलातच तळ गाठतात. किनाऱ्यालगत वेगळं दुखणं. उपसा वाढला की समुद्राचं पाणी आत सरकतं आणि गोडी विहीर मचूळ होते. मे महिन्यातला नमुना प्रयोगशाळेत द्या. क्लोराइड लिटरला २५० मिलिग्रॅमच्या आणि एकूण विरघळलेले क्षार ५०० च्या आत असावेत.

खारी हवा घर कसं खाते, ते खिडकीच्या ग्रिलजवळ वाकून पाहा. गंज आधी खालच्या आडव्या पट्टीवर, वेल्डिंगच्या सांध्यापाशी धरतो, कारण पाणी तिथे साचतं. रंगाला बारीक फोड येतो, नखाने टोचला की आतून तांबूस भुकटी पडते. स्लॅबमधल्या सळीचं तेच होतं. गंजलेली सळी फुगते आणि काँक्रीट फोडून बाहेर येते. खाडीची वाळू न धुता वापरली असेल, तर मीठ पहिल्या दिवसापासूनच आत असतं. तयार घर घेत असाल तर स्लॅबला खालून हातोडीने हलके ठोके द्या. बद्द आवाज आला की तिथला थर सुटला आहे. नवं बांधत असाल तर सळीवर ४५ मिलिमीटर कव्हर (काँक्रीटचा थर) आणि किमान एम-३० प्रतीचं काँक्रीट करारात लिहून घ्या. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात किनाऱ्यासाठी हेच सांगितलं आहे. बाहेरच्या स्टेनलेस स्टीलला ३०४ ऐवजी ३१६ प्रत घ्या. ३०४ वरही चहाच्या डागांसारखे ठिपके उठतात.

मात्र तुमच्या घरापुरता आमच्या मते सगळ्यात मोठा मुद्दा यजमानांच्या हृदयाचा आहे. गुहागरहून चिपळूण ४५ किलोमीटरच्या आसपास, पुढे मोठ्या रुग्णालयासाठी कऱ्हाडला जायचं तर कुंभार्ली घाट. पावसाळ्यात घाटात दरड येते. २२ जुलै २०२१ ला तर चिपळूण शहरच पाण्याखाली गेलं होतं. वादळात वीजही जाते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन-मंडणगड-दापोली पट्ट्यात कित्येक गावं अनेक दिवस अंधारात होती. छातीत कळ आली तर चोवीस तास चालणारी कॅथलॅब (अँजिओप्लास्टी करतात ती खोली) किती मिनिटांवर आहे, ते अंतर जुलैतल्या पावसात, रात्री, स्वतः गाडीने मोजा. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात ईसीजी आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन रात्रीही मिळतं का, हे समक्ष जाऊन विचारा.

वाईहून सातारा ३५ किलोमीटर, पुणे ९०च्या आसपास, आणि मध्ये सह्याद्री उतरायचा नाही. म्हणून आमचं मत वाईकडे झुकतं. तिथेही डोळे उघडे ठेवा. बंगला काळ्या मातीवर असेल तर माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि दारांच्या कोपऱ्यांतून तिरक्या भेगा जातात. पाया मुरुमापर्यंत नेला आहे का, विचारा. कृष्णेकाठी असेल तर धोममधून विसर्ग वाढल्यावर पाणी कुठवर येतं, हे शेजारच्या जुन्या लोकांकडून काढून घ्या. बोअरचं पाणी जड असेल तर सोलर हीटरच्या नळ्यांत क्षार बसतो.

कोकणाची ओढ खरीच आहे, ती मारू नका. अकरा महिन्यांच्या करारावर तिथे घर भाड्याने घ्या आणि मे अखेरीस राहायला जा. ओल, बुरशी, न वाळणारे कपडे आणि गुडघे यांचं काय होतं, ते ऑगस्टपर्यंत कळेल.

प्रश्न : मालवणजवळ आमचं वडिलोपार्जित कौलारू घर आठ वर्षं बंद आहे. दुरुस्त करून राहता येईल का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : येईल, पण खर्च सुरू करण्याआधी सामाईक सातबाऱ्यावरच्या सगळ्या हिस्सेदारांची लेखी संमती घ्या. मग छपराचे वासे आणि कौलांखालच्या रिपा (लाकडी पट्ट्या) तपासा. स्क्रूड्रायव्हर टोचून पाहा. सहज आत गेला तर लाकूड वाळवीने पोखरलंय किंवा कुजलंय. भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी अजून जिवंत असू शकते, तेव्हा तिचा बंदोबस्त आधी आणि सुतारकाम नंतर. शाकारणी (कौलं उतरवून पुन्हा नीट बसवणं) मेच्या मध्यापर्यंत उरका, त्यानंतर माणसं मिळत नाहीत. जुन्या कौलांचा साचा नव्याशी जुळत नाही, म्हणून काढलेली धड कौलं फेकू नका. ओळीत एखादं फुटलं तर तीच बसतील.