पुन्हा करोनासारखी साथ आली तर मुंबईहून येणाऱ्यांना गावच्या शाळेत ठेवणं योग्य ठरेल का?

ठेवावंच. पण कसं ठेवावं हे विचारलं असतंत तर बरं झालं असतं, कारण घोळ आम्ही तिथे घातला.

२०२० च्या मे महिन्यात मी आमच्या ग्राम कृती दलात, म्हणजे साथीत बाहेरून येणाऱ्यांची व्यवस्था बघणाऱ्या गावच्या समितीत होतो. गाव देवगड तालुक्यात. माझा सख्खा थोरला भाऊ ई-पास काढून भांडुपहून आला. खारेपाटणच्या तपासणी नाक्यावर रखडून रात्री अकराला वेशीवर पोचला आणि मी त्याला घरी न नेता सड्यावरच्या शाळेत नेलं. "आवशीक भेटूक इलंय, तुका नाय," एवढंच बोलला. वहिनी नि पुतण्या अर्धा तास गाडीतून उतरलेच नाहीत. दहा बाय बाराची खोली, चाळीचा सामायिक संडास, तिथे दोन महिने अडकून आलेली माणसं ती. आई रोज पेज आणि सुका बांगडा शाळेच्या गडग्यावर ठेवून मागे सरायची. मला ते बघवायचं नाही, पण घरात अण्णा होते, साखरेचे पेशंट.

नऊ दिवस बरे गेले. दहाव्या दिवशी खालच्या वाडीतलं चौघांचं कुटुंब मुंबईहून आलं. शाळेच्या तीन खोल्या. एकीत पोषण आहाराची पोती, दुसरीची कौलं फुटलेली. मी म्हटलं, खोली मोठी आहे, मधे बाक लावू. लावले. संडास एकच.

तेराव्या दिवशी दादाला ताप भरला. दादा पॉझिटिव्ह, त्या कुटुंबातले दोघंही पॉझिटिव्ह, पण त्या दोघांना साधी शिंकसुद्धा नाही. मग त्यांनी दादाला दिला की दादाने त्यांना? दादा आजही प्रत्येक चतुर्थीला पंगतीत सांगतो, "माका शाळेतच लागलो." अरे बाबा, लागण झाल्यावर लक्षणं बहुतेकांना पाचेक दिवसांत दिसायची, पण दोनापासून चौदापर्यंत कधीही दिसू शकायची. म्हणजे मुंबईचा धरला तरी बसतो, शाळेचा धरला तरी बसतो. चौदा दिवस ठेवायचे ते त्यासाठीच.

सुदैवाने ऑक्सिजन ९५ च्या खाली गेला नाही. सौम्य आजार असेल आणि ताप उतरला असेल तर दहा दिवसांनी पुन्हा चाचणी न करता सोडायचं, असा तेव्हाचा नियम होता. त्याला कारण होतं. विषाणूचे मेलेले अवशेष आठवडेच्या आठवडे चाचणीत दिसत राहतात, माणूस तेवढे दिवस साथ पसरवत नाही. हे गावाला कोण सांगणार? "टेस्ट न करता सोडल्यानीच कसो?" म्हणून वहिनीला विहिरीवर पाणी भरू दिलं नाही. पाण्यातून करोना कुणाला झाला होता? मी कृती दलात असून गप्प बसलो. शाळेत ठेवण्याची मला लाज नाही, या गप्प बसण्याची आहे.

तर शाळेत ठेवा, पण आल्या तारखेनुसार वेगळ्या खोल्यांत. जुन्या माणसांत नवीन माणूस घातला की सगळ्यांचे दिवस पहिल्यापासून मोजायला लागतात. हे मला तेव्हा कळलं नव्हतं, आणि खोली उघडायचा निर्णय माझा होता. ज्याच्या घरी स्वतंत्र खोली आणि संडास आहे त्याला घरी राहू द्यायला हरकत नाही, फक्त अण्णांसारखं कुणी त्या घरात नको. आणि हो, चौदा हा आकडा तेव्हाच्या करोनाचा. पुढचा विषाणू वेगळा असला तर दिवसही वेगळे, तेव्हा आरोग्य केंद्रात विचारा, माझ्या उत्तरावर जाऊ नका.

दादा हे वाचणार. वाच. आणि त्या रात्री गाडीत तुम्ही तिघंच नव्हतात, सहा जण होतात, हेही एकदा पंगतीत सांग.