पदवी झाली, मूल दीड वर्षाचं आहे. नोकरी आता धरावी की ते शाळेत जाईपर्यंत थांबावं?

माझं मत, थांबू नका. वेग कमी ठेवा. मुलगी सव्वा वर्षाची असताना मी बी.कॉम.च्या जोरावर पुण्यात एका सीएंकडे अर्धवेळ लागले. निम्मा पगार पाळणाघरातच जायचा. सासूबाई म्हणायच्या, "मग जातेस कशाला?" प्रश्न चुकीचा नव्हता. पण दोन वर्षांत जीएसटी रिटर्नवर हात बसला आणि पुढची, बऱ्या पगाराची नोकरी त्यावरच मिळाली.

पाळणाघर घराजवळ बघा, ऑफिसजवळ नको. म्हणजे मुलाला आणायला नवराही जाऊ शकतो. आणि मूल तापलं तर रजा कोणाची, हे आधीच ठरवा. आमच्याकडे ते ठरेपर्यंत सहा महिने रोज धुसफूस!

नोकरी शोधताना एक विचाराच. 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय कायद्याने बंधनकारक आहे आणि आईला दिवसातून 4 वेळा मुलाला भेटता येतं. ही तरतूद 2017 च्या दुरुस्तीने आली. दुसऱ्या मुलाचा विचार असेल तर 26 आठवड्यांची पगारी रजा मिळते, मात्र प्रसूतीआधीच्या 12 महिन्यांत किमान 80 दिवस काम झालेलं हवं.

एमपीएससीचं डोक्यात असेल तर खुल्या वर्गाला साधारणपणे 38 व्या वर्षापर्यंत मुभा आहे, त्यामुळे यंदाच हवं म्हणून जिवाचा आटापिटा नको. मूल झोपल्यावरचे दोन तास मात्र अभ्यासालाच ठेवा, भांडी सकाळी होतील.