घडीची की जाड टायरची? ई-सायकलींविषयी वाचकांचे प्रश्न

ई-सायकलींबद्दलच्या पत्रांत यंदाही तेच ते गोंधळ. म्हणून एकत्रच उत्तरं देतो.

डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. फोल्डिंग घेऊ का?

फोल्डिंग म्हणजे हलकी, हे आधी डोक्यातून काढा. २० इंची चाकांची ई-सायकल घडी घातली तरी २० किलोंच्या आसपास भरते. दुकानातच घडी घाला, एका हातात उचलून जिना चढून बघा. धाप लागली तर साधी घ्या, खाली कुलूप लावा आणि फक्त बॅटरी वर आणा. फोल्डिंगच घ्यायची तर बिजागरीची पकड मेकॅनिकला दाखवून घ्या.

विमानाने गोव्याला नेता येईल?

सायकल जाईल, बॅटरी नाही. १६० वॉट-अवरच्या वरची लिथियम बॅटरी प्रवाशाला नेता येत नाही. वॉट-अवर म्हणजे बॅटरीत मावणारी वीज; ई-सायकलच्या बॅटरीत ती बहुधा याहून जास्तच असते.

"एका चार्जिंगमध्ये ८० किलोमीटर" खरं का?

समजा बॅटरीवर ३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवर लिहिलंय. गुणाकार करा: ३६० वॉट-अवर. पेडल मारत गेलात तर ३०-३५ किलोमीटर. जाहिरात बाजूला ठेवा.

नाशिकचा दुकानदार म्हणतो, ७५० वॉटची जाड टायरची सायकल ४५ने पळते, पेडल असल्याने लायसन्स लागत नाही.

साफ खोटं, आणि हे ऐकून कान किटले. सवलत पेडलला नाही. मोटर २५० वॉटच्या आत आणि वेग २५च्या आत असेल तरच ती सायकल. त्यापुढे कायद्याने मोटार वाहन. मग नोंदणी, लायसन्स, विमा, सगळं आलं. दुसरी युक्ती याहून वाईट: खोक्यावर २५० छापायचं आणि "कंट्रोलरची ही एक वायर सोडवली की बघा कशी पळते" असं हळूच कानात सांगायचं. (कंट्रोलर म्हणजे मोटरचा वेग आवरणारा डबा.) वायर सोडवलीत की सवलत गेली. उद्या कुणाला धडक बसली तर भरपाई तुमच्या खिशातून जाईल; दुकानदार फोनही उचलणार नाही. पैसे देण्याआधी त्याच मॉडेलचा, पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहनं तपासणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थेचा चाचणी अहवाल मागा. "नंतर व्हॉट्सअ‍ॅप करतो" म्हणाला तर उठा. तरीही शंका उरली तर आरटीओत विचारा, मेहुण्याला नको.

वय ५८, गुडघा दुखतो. शेजारी म्हणतात, जाड टायरला हादरे बसत नाहीत.

चार्जिंग संपल्यावर ती ३० किलोंची सायकल शेजाऱ्यांनी कधी चढावर ढकललीय का, विचारा. ४ इंची टायर वाळूत, शेतवाटेवर कामाचा. डांबरावर नुसता बॅटरी खातो. तुम्हाला २ इंची टायर आणि लेडीज फ्रेम पुरे. पण आधी अस्थिरोगतज्ज्ञांना गुडघा दाखवा. ते हो म्हणाले तरच दुकानात जा, आणि चालवून बघितल्याशिवाय अ‍ॅडव्हान्स देऊ नका.