बोका आत ठेव

प्रिय मुली,

बोक्याची एफआयव्ही, म्हणजे मांजरांची प्रतिकारशक्ती खच्ची करणाऱ्या विषाणूची, टेस्ट पॉझिटिव्ह आली, आई म्हणते हे आपल्यालाही होईल, आणि तुझा तोडगा काय, तर नसबंदी करून त्याला परत पार्किंगमध्ये सोडायचं आणि रोज खाली जाऊन खायला घालायचं. नको. आत ठेव त्याला.

आधी आईची भीती मिटव. हा विषाणू माणसाच्या एचआयव्हीच्या जातकुळीतला असला तरी माणसाला होत नाही, कुत्र्यालाही नाही. १९८६ साली कॅलिफोर्नियातल्या पेटालुमाच्या मांजरांत तो पहिल्यांदा सापडला. एका मांजरातून दुसऱ्यात तो जातो मुख्यतः खोल चाव्यातून, म्हणून नसबंदी न झालेल्या, बाहेर मारामाऱ्या करणाऱ्या बोक्यांत जास्त दिसतो. फोटोतला तो फाटका कान आणि फुगलेले गाल बघूनच मला शंका आली होती. आता मला सांग, त्याच पार्किंगमध्ये त्याला परत सोडून काय साधणार? नसबंदीने मारामारी कमी होते, संपत नाही. तो कुणाला तरी चावेल, आणि बाहेरून असं काही दुखणं घेऊन येईल की ते त्याला झेपणार नाही. आत ठेव.

‘त्याला मोकळं राहायची सवय आहे’ हे मला ऐकवू नकोस. माझी बहीण कित्येक वर्षं हेच ऐकवतेय, की मी माझ्या बोक्याला कैदेत टाकलंय. सुरुवातीला तो रात्र रात्र दाराशी बसून ओरडायचा, शेजाऱ्यांनी तक्रार केली, नायलॉनची जाळी त्याने एका कोपऱ्यातून कुरतडली. मी स्टीलची लावली. आता दार उघडं राहिलं तरी उंबऱ्याचा वास घेतो आणि फ्रिजवर जाऊन झोपतो. बहीण म्हणते, त्याने हार मानली. मी म्हणते, तो रमला. काय ते त्यालाच ठाऊक, पण म्हातारा झालाय, आणि त्याच्या बरोबरीचे खालचे बोके आज दिसत नाहीत. मला तेवढं पुरतं.

रुखरुख आहे ती दातांची. माझ्याकडे आला तेव्हा हिरड्या लालबुंद, तोंडातून लाळ, भूक लागलेली असून वाटीपाशी जाऊन मागे फिरायचा. जवळजवळ सगळे दात काढावे लागले. वर्षभर आधी हाती लागला असता तर! तुझ्या बोक्याचा ओठ रोज वर करून बघ. कच्चं मांस अजिबात नको. दर सहा महिन्यांनी डॉक्टर, वजन लिहून ठेवायचं, आणि ताप आला तर ‘उद्या बघू’ नाही. हे सांभाळलंस तर असे बोके बऱ्याचदा इतर मांजरांइतकेच जगतात. दुसरी टेस्टही करून घे. पहिली चुकू शकते.

तुझ्या भाटीचं म्हणशील, तर आधी काही दिवस वेगळ्या खोल्या, मग हळूहळू ओळख. एका वाटीत खाल्लं, एकमेकांना चाटलं म्हणून सहसा काही होत नाही. भांडणं जुंपली तरच मला फोन कर.

आणि ‘विचार करते’ असं लिहून पाठवू नकोस. खिडक्यांची मापं पाठव, जाळीवाल्याला मी सांगते. बाथरूमची खिडकी मोजायला विसरशील, तिथूनच पळतात सगळे.

तुझी,
मावशी