कॉलेज फुटबॉलमधले ‘अपक्ष’

अमेरिकेत इंडियाना राज्यात राहणाऱ्या एक बाई तिथल्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी कॉलेज फुटबॉलवर, म्हणजे विद्यापीठांच्या संघांतल्या अमेरिकन फुटबॉलवर, लेख लिहीत आहेत. लेखाचा मुख्य प्रश्न त्यांनी असा मांडला आहे: ‘परिषदांच्या विस्ताराच्या या काळात स्वतंत्र फुटबॉल कार्यक्रमांनी परिषदेत सामील व्हावे काय?’ हे वाक्य त्यांचं त्यांनाच खटकतंय. का खटकतंय आणि त्याऐवजी काय लिहावं, असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, खटकतंय ते बरोबरच खटकतंय. वाक्यातला प्रत्येक शब्द मराठी आहे, पण सांगलीतला वाचक ते वाचून काय समजेल? जिल्हा परिषदांची हद्द वाढतेय, आणि फुटबॉलचा कार्यक्रम वेगळा ठेवायचा की परिषदेच्याच समारंभात उरकून घ्यायचा, यावर खल चाललाय.

‘कार्यक्रम’ आधी काढून टाका. आपल्याकडे कार्यक्रम असतो तो बारशाचा, हळदीकुंकवाचा, फार तर सत्काराचा. शिवाय हल्ली ‘करेक्ट कार्यक्रम करणे’ म्हणजे एखाद्याचा निकाल लावणे, असा अर्थ घरोघरी पोचलाय. अमेरिकेत जेव्हा कुठल्या विद्यापीठाचा प्रोग्रॅम म्हणतात, तेव्हा त्यात संघ, प्रशिक्षक, मैदान, परंपरा, पैसा असं सगळं आलं. आपण ते एका शब्दात आणि कितीतरी सहज म्हणतो: ‘मुंबईचं क्रिकेट’. मग तुमच्या इंडियानातल्या नोटर डेम विद्यापीठासाठी ‘नोटर डेमचं फुटबॉल’ म्हणा, काम झालं. (उच्चार नोटर डेमच. पॅरिसचं ते नोत्र दाम. इंडियानात तसं म्हणाल तर समोरच्याला वाटेल तुम्ही चर्च बघायला आलात.)

आता ‘स्वतंत्र’. शब्द चांगला आहे, पण रोजच्या मराठीत त्याचा अर्थ ‘वेगळा’ असा होऊन बसलाय. स्वतंत्र खोली, स्वतंत्र नळ, पालघरचा स्वतंत्र जिल्हा. ‘नोटर डेमचा स्वतंत्र फुटबॉल संघ आहे’ हे वाक्य मराठी कानाला ‘इतर खेळांपेक्षा फुटबॉलसाठी वेगळा संघ आहे’ असंच ऐकू येतं. आपल्याला सांगायचंय ते असं की हा संघ कुठल्याही कॉन्फरन्सचा, म्हणजे आपसांत सामने खेळणाऱ्या विद्यापीठांच्या संघटनेचा (तुमच्या वाक्यातली ‘परिषद’ ती हीच), सभासद नाही. त्यासाठी मराठीत तयार, पैलू पाडलेला शब्द पडून आहे. तो मला सुचला नव्हता, हे कबूल करतो.

शिकागोजवळ राहत असताना एका शनिवारी घरी टीव्हीवर नोटर डेमचा सामना चालू होता. सासरे सांगलीहून आलेले. पोह्यांची बशी मांडीवर घेऊन ते अर्धा तास ती झोंबाझोंबी बघत होते. मी त्यांना कॉन्फरन्स म्हणजे काय, कोण कुणात आहे, नोटर डेम कुणातच कसं नाही, पण सगळे त्याच्या दारात कसे उभे, हे सांगत होतो. त्यांनी बशी खाली ठेवली. म्हणाले, “म्हणजे अपक्ष की हो जावईबापू! एवढं लांबवताय कशाला?”

अपक्ष! नाव स्वतःचं, मतं स्वतःची, निवडून स्वतःच्या जोरावर यायचं, आणि मग दोन्ही बाजूंचे लोक गाड्या घेऊन घरी येतात. संस्कृतात ‘पक्ष’ म्हणजे पंख, आणि मग बाजू. त्या हिशेबानं अपक्ष म्हणजे खरं तर बिनपंखांचा. नोटर डेमला हे मुळीच लागू पडत नाही, पण मूळ अर्थाकडे बघत बसलो तर एकही शब्द धड वापरता येणार नाही.

शब्द किती चपखल बसतो ते बघा. २०१३ साली नोटर डेम फुटबॉल आणि आइस हॉकी सोडून बाकी खेळांसाठी अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये, म्हणजे एसीसीत गेलं. फुटबॉलमध्ये अपक्षच राहिलं, पण एसीसीच्या संघांशी वर्षाला सरासरी पाच सामने खेळण्याचं कबूल केलं. याला इंग्रजीत काहीतरी लांबलचक म्हणतात. आपल्या विधानसभेत याला ‘सहयोगी सदस्य’ म्हणतात! करोनाच्या २०२० सालात मात्र बाहेरचे सामने मिळेनात, तेव्हा नोटर डेम त्या एका हंगामापुरतं फुटबॉललाही एसीसीत जाऊन बसलं, थेट अंतिम सामन्यापर्यंत पोचलं, क्लेमसनकडून हरलं आणि पुढच्या वर्षी परत बाहेर. लहान मुलं तळ्यात-मळ्यात खेळतात, तसंच. फरक एवढाच की आपला अपक्ष आमदार निवडून आल्यावर मध्येच एखाद्या पक्षात गेला तर पक्षांतरबंदी कायद्यानं त्याची आमदारकी जाते. इथं तसं नाही, पण कराराची दोरी आहेच: २०३६ पर्यंत फुटबॉलसाठी कुठल्या कॉन्फरन्समध्ये जायचंच झालं, तर एसीसीतच जायचं.

आता अवघड शब्द: कॉन्फरन्स.

गंमत म्हणजे ‘परिषद’ हे भाषांतर मुळात चुकीचं नाहीच. ज्या कॉन्फरन्सला आज बिग टेन म्हणतात, तिची सुरुवात शिकागोच्या पामर हाउस हॉटेलात १८९५ साली झालेल्या बैठकीतून झाली. पर्ड्यू विद्यापीठाच्या अध्यक्षांनी आसपासच्या विद्यापीठांच्या अध्यक्षांना बोलावलं होतं. पुढच्या वर्षी संस्था उभी राहिली ती प्राध्यापक-प्रतिनिधींची. म्हणजे ती खरोखरीच परिषद होती: लोक एकत्र बसले, बोलले, नियम केले. नंतर बसणारे बदलले, पण नाव तेच राहिलं. पण आज मराठी वाचकाच्या मनात परिषद म्हटलं की पत्रकार परिषद, विधान परिषद, साहित्य परिषद. सामना कुठेच नाही.

मग दुसरे शब्द चाचपून पाहू. ‘संघ’ नको, कारण संघ म्हणजे टीम. संघांचा संघ लिहिलं की वाचक तिथेच अडखळतो. ‘मंडळ’ म्हटलं की एक तर क्रिकेट नियामक, नाही तर गणपती. ‘गट’ ठीक वाटतो, पण स्पर्धेतला अ गट, ब गट त्या स्पर्धेपुरता असतो. चिठ्ठ्या उचलून पडतो. कॉन्फरन्समध्ये चिठ्ठ्या नाहीत, निमंत्रण असतं, मतदान असतं, वकील असतात.

‘विभाग’ हा शब्द तीस वर्षांपूर्वी मी डोळे मिटून दिला असता. दुलीप करंडकात पश्चिम विभाग, विद्यापीठांच्या स्पर्धांत पश्चिम विभाग, तसंच ते होतं: शेजारशेजारची विद्यापीठं. पण आता अटलांटिक किनाऱ्याच्या नावाच्या एसीसीत २०२४ पासून स्टॅनफर्ड आणि बर्कली आहेत, प्रशांत किनाऱ्यावरची. बिग टेन न्यू जर्सीच्या रटगर्सपासून लॉस एंजेलिसच्या यूसीएलएपर्यंत पसरलंय. याला विभाग म्हणायचं तर मग कोकणात नागपूरही घ्यावं लागेल.

माझा सगळ्यात लाडका होता ‘साखळी’. आपल्या वृत्तपत्रांनी लीगसाठी रुळवलेला सुंदर शब्द. प्रत्येक जण प्रत्येकाशी खेळतो ती साखळी. आणि एकेकाळी तो बसायचाही: पश्चिमेच्या पॅक-१० मध्ये दहा संघ, प्रत्येकाचे कॉन्फरन्समधले नऊ सामने, साखळी पुरी. आज बिग टेनमध्ये अठरा संघ आहेत आणि कॉन्फरन्समधले सामने नऊच. निम्म्या भावंडांची गाठच पडत नाही. साखळी विस्तारानंच तोडली.

राहता राहिला ‘आघाडी’. आणि मला वाटतं तोच घ्यावा. कारण आज कॉन्फरन्स कशानं बांधलेली असते? भूगोलानं नाही, वेळापत्रकानं नाही. टीव्हीचे हक्क एकत्र विकण्यानं. १९८४ पर्यंत हे हक्क एनसीएए या शिखर संस्थेच्या हातात होते. ओक्लाहोमा आणि जॉर्जियाच्या विद्यापीठांनी दावा लावला, सर्वोच्च न्यायालयानं ती मक्तेदारी मोडली, आणि तिथून हळूहळू प्रत्येक कॉन्फरन्स स्वतःचा सौदा करू लागली. वाटाघाटीसाठी एकत्र आलेले, आपापला झेंडा राखून असलेले, उद्या जास्त वाटा दिसला तर उठून जाणारे. मराठीत याला आघाडीच म्हणतात. ‘युती’ दोघांची वाटते, म्हणून नको.

लेखात पहिल्यांदा ‘कॉन्फरन्स’ लिहा, ती विद्यापीठांची आघाडी असते हे एका वाक्यात सांगा आणि पुढे हवा तो शब्द फिरवा. कॉन्फरन्स स्त्रीलिंगी ठेवा: ‘ती कॉन्फरन्स’, ‘कॉन्फरन्स फुटली’.

एकदा आघाडी घेतली की बाकीचे शब्द आपोआप रांगेत येतात. विस्ताराला विस्तारच म्हणा. मंत्रिमंडळाच्या विस्तारात जी धावपळ आणि रुसवेफुगवे असतात, ते सगळे या शब्दाबरोबर फुकट मिळतात. एका कॉन्फरन्समधून दुसरीत जाणं म्हणजे पक्षांतर. २०२४ मध्ये पॅक-१२ (आधीची पॅक-१०) मधले बारापैकी दहा एका वर्षात गेले. ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट दोघंच घर राखायला उरले. आपल्या बातमीदारांचं ‘इनकमिंग’सुद्धा चालेल.

आणि अठरा संघांच्या आघाडीला बिग टेन का म्हणतात, असं मंडळातलं कुणी तरी विचारेलच. १९९० मध्ये पेन स्टेट हा तेव्हाचा अपक्ष आत आला आणि अकरा झाले, तेव्हा नाव बदलायचं सोडून त्यांनी बोधचिन्हातल्या टी अक्षराच्या दोन्ही बाजूंच्या मोकळ्या जागेत ११ लपवला होता. हसू नका. आपल्या पंचायतीत पाचच पंच बसतात का? महाराष्ट्रात ग्रामपंचायतीचे सदस्य सातपासून सतरापर्यंत असतात, आणि नाव बदला म्हणून कुणी मोर्चा काढल्याचं मी ऐकलेलं नाही.

शब्द झाले. पण तुम्ही प्रश्नच असा विचारलाय की मत दिल्याशिवाय राहवत नाही. अपक्षांनी आघाडीत जावं का? अपक्ष कोण आहे यावर ते आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच बिग टेननं नोटर डेमला दारात उभं केलं नव्हतं. मग नोटर डेम रेल्वेनं देशभर फिरलं, पूर्वेला लष्करी अकादमीच्या आर्मीशी, १९२६ पासून पश्चिमेला लॉस एंजेलिसच्या यूएससीशी खेळलं आणि सगळ्या देशाचा संघ होऊन बसलं. १९९९ मध्ये बिग टेननं बोलावलं तेव्हा विश्वस्तांनी नाही म्हटलं. घरच्या मैदानावरचे सामने १९९१ पासून एनबीसी वाहिनी दाखवते, तो पैसा कुणात वाटायचा नाही. २०२४ च्या हंगामात संघ राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत गेला, ओहायो स्टेटशी ३४-२३ हरला. त्या वाटचालीचं बक्षीसही एकट्याचं. पुढच्याच वर्षी दहा विजय, दोन पराभव असूनही बारा संघांच्या बाद फेरीत जागा मिळाली नाही, एसीसीतलं मायामी आत गेलं. अपक्षाच्या बाजूनं बोलायला आघाडी नसते, त्याचा तोटा हा असा. तरी मी नोटर डेमच्या जागी असतो तर बाहेरच राहिलो असतो. कनेटिकटसारखा दुसरा अपक्ष मात्र दारावर टकटक होण्याची वाट बघतो, आणि त्यानं का बघू नये? मतदारसंघ पक्का असेल त्यानंच अपक्ष उभं राहावं.

म्हणून वाक्य असं करा: ‘कॉन्फरन्सांचा विस्तार चालू असताना फुटबॉलमधल्या अपक्षांनी आघाडीत जावं का?’ ‘सामील’ही चालेल, पण कटात सामील, दंग्यात सामील असं ऐकून ऐकून माझा कान जरा बिघडलाय.

जाता जाता, लेखात आर्मीला एक परिच्छेद द्याच. लष्करी अकादमीचा हा संघ कित्येक वर्षं अपक्ष होता. २०२४ मध्ये अमेरिकन कॉन्फरन्समध्ये गेला आणि पहिल्याच वर्षी तिचं विजेतेपद घेऊन बसला. त्याच कॉन्फरन्समध्ये नौदल अकादमीची नेव्हीही आहे, पण डिसेंबरातला आर्मी-नेव्ही सामना कॉन्फरन्सच्या गुणतक्त्यात धरत नाहीत. तो वेगळाच ठेवलाय. एकाच आघाडीतले दोघं एकमेकांविरुद्ध उभे राहतात आणि त्याचा हिशेब आघाडीत होत नाही, याला आपल्याकडे ‘मैत्रीपूर्ण लढत’ म्हणतात. शब्द वापरताना अवतरणचिन्हं मात्र घाला. तो सामना एकदा पाहिलेल्या माणसाला त्यात मैत्री शोधूनही सापडणार नाही.