कारखान्यावर सोलर: आधी दिवसाचा भार बघा, मग छत

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत तुमचं सीएनसीचं, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवरचं, जॉबवर्क. ८० किलोवॅट मंजूर भार, महिन्याला साधारण १८,००० युनिट, बिल दोन लाखांच्या आसपास. कंत्राटदार ६० किलोवॅटचं सोलर २७ लाखांत बसवून देतो म्हणतोय आणि सव्वादोन वर्षांत पैसे वसूल होतील असं सांगतोय. हे खरं का, असा तुमचा प्रश्न. माझ्या शेडवर २०१९ पासून प्लांट आहे, त्यातून जे कळलं ते सांगतो.

सोलर लावा. त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण सव्वादोन वर्षांचा हिशोब चुकीचा आहे, आणि तो कुठे चुकतो हे कळल्याशिवाय सही करू नका.

कंत्राटदाराने दोन लाखांना १८,००० ने भागून युनिटमागे ११ रुपये काढले असणार. पण तुमच्या बिलातला स्थिर आकार मागणीवर, म्हणजे महिन्यात एका वेळी घेतलेल्या सर्वात जास्त भारावर लागतो, आणि तो सोलरने जवळजवळ कमी होत नाही. श्रावणातली एखादी दुपार ढगाळ गेली आणि सगळी मशीन चालू असली, की त्या महिन्याची मागणी पूर्वीइतकीच नोंदली जाते. सोलरने वाचतो तो वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आणि त्यावरचं वीज शुल्क. बिल समोर ठेवून एवढ्याच ओळींची बेरीज करा. तुमच्या आकड्यांवरून मी साडेआठ रुपये धरतो. दुसरं म्हणजे त्याने किलोवॅटमागे रोज पाच युनिट धरली आहेत. एप्रिलच्या स्वच्छ दिवशी ती मिळतातही, पण जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. वर्षाची सरासरी काढली तर किलोवॅटमागे १,४०० युनिट धरणं सुरक्षित. म्हणजे ६० किलोवॅटला ८४,००० युनिट, सव्वासात लाखांच्या आतली बचत आणि पावणेचार वर्षांत वसुली. पॅनेलच्या उत्पादनाची हमी साधारण २५ वर्षांची असते, त्यामुळे पावणेचार वर्षंही चांगलीच. फक्त बँकेचा हप्ता त्या हिशोबाने बांधा, सव्वादोनच्या नको. आयकरात सोलरवर ४० टक्के घसारा मिळतो, पण आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर पहिल्या वर्षी त्याच्या निम्माच. त्यामुळे प्लांट सप्टेंबरच्या आत चालू झाला तर बरं. सीएंना विचारून घ्या. पीएम सूर्यघरचं अनुदान फक्त घरांना आहे, कारखान्याला ‘सबसिडी काढून देतो’ म्हणणारा भेटला तर त्याच्याशी पुढे बोलूच नका.

आता खरा मुद्दा. तुमची हार्डनिंगची (धातू तापवून कडक करायची) भट्टी रात्रपाळीत चालते असं तुम्ही लिहिलंय. माझीही तशीच होती. कारण उघड आहे: पूर्वी टीओडीमध्ये, म्हणजे वेळेनुसार बदलणाऱ्या वीजदरात, रात्री १० ते सकाळी ६ ला युनिटमागे दीड रुपया सवलत होती आणि सकाळी ९ ते १२ ला जादा आकार होता. आपण सगळ्यांनी जड भार रात्रीवर ढकलला तो त्यामुळे. आता वारं उलटं फिरलंय. केंद्राच्या २०२३ च्या नियमांनी दिवसातल्या सौर तासांना स्वस्त दर लावायला सांगितलं, आणि आपल्याकडेही सकाळी ९ ते संध्याकाळी ५ ची वीज स्वस्त धरायची दिशा आली. स्वतःच्या छतावर वीज तयार होते तीही त्याच वेळेत. म्हणजे भट्टी सकाळी ९ ला तापवून संध्याकाळपर्यंत चालवली तर दोन्हीकडून फायदा, आणि माणसांना रात्री जागावं लागत नाही. माझ्याकडचा भट्टीवाला वर्षानुवर्षं रात्रपाळी करत होता. पाळी बदलली तेव्हा त्याच्या घरच्यांना जो आनंद झाला तो मला बिलातल्या बचतीपेक्षा मोठा वाटला.

त्यामुळे ६० किलोवॅट हा आकडा छताच्या क्षेत्रफळावरून आलेला असेल तर तो बाजूला ठेवा. दिवसपाळीचा भार किती, त्यावर आकडा ठरवा. नेट मीटरिंगमध्ये जादा युनिट ग्रीडला जातात आणि पुढे वळती होतात हे खरं, पण टीओडीच्या गणितात दुपारी दिलेल्या युनिटला रात्री घेतलेल्या युनिटएवढाच भाव मिळेल असं गृहीत धरू नका, ताजा दर आदेश वाचून घ्या. शिवाय आपल्या नाशिकच्या एमआयडीसीला शनिवारी सुट्टी. त्या दिवशीची सगळी वीज ग्रीडलाच जाणार. भट्टी रात्रीच ठेवणार असाल तर ४० किलोवॅट पुरे, दिवसा आणणार असाल तर ६० चा विचार करा.

पॉवर फॅक्टरबद्दल, म्हणजे घेतलेल्या विजेतला किती वाटा प्रत्यक्ष कामाला लागतो त्याबद्दल, कुणी बोलत नाही, आणि मी तिथेच अडकलो होतो. प्लांट चालू झाल्यावर पहिल्याच बिलात पॉवर फॅक्टरचा दंड आला. बसवणाऱ्याने हात वर केले, ‘तुमचा लोड खराब आहे’ म्हणाला. लोड तोच होता. समजा दिवसा तुमचा भार ६० किलोवॅट आणि ३० केव्हीएआर (मोटारींना चुंबकत्वासाठी लागणारी, प्रत्यक्ष काम न करणारी वीज) आहे, म्हणजे पॉवर फॅक्टर ०.८९. सोलरने ४५ किलोवॅट दिले की ग्रीडकडून येतात फक्त १५, पण केव्हीएआर ३० चे ३० तसेच राहतात, कारण सोलरचा इन्व्हर्टर सहसा ते देत नाही. ग्रीडच्या मीटरला दिसतो ०.४५! केव्हीएआर भरून काढणाऱ्या कपॅसिटर पॅनेलची सीटी (करंट मोजणारी कॉइल) लोडच्या बाजूला असेल तर त्या पॅनेलला हे कळतच नाही. सीटी ग्रीडची वीज आत येते त्या मुख्य इनकमरवर आणा, छोट्या स्टेपचे कपॅसिटर वाढवा, आणि इन्व्हर्टरमध्ये केव्हीएआर देण्याची सोय असेल तर ती चालू करून घ्या. हे काम ऑर्डरमध्येच लिहून घ्या. नंतर कुणी फुकट करत नाही.

वीज गेली की सोलरही बंद पडतं हेही आधीच समजून घ्या. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनचा जीव वाचावा म्हणून इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो, आणि ते योग्यच आहे. जनरेटरसोबत सोलर चालवायचं तर कंट्रोलर लागतो, नाहीतर भार कमी असताना वीज उलटी जनरेटरमध्ये शिरते.

छताबद्दल मात्र मी हट्टाने सांगेन. तुमची शेड १९८० च्या दशकातली आणि वर सिमेंटचे पत्रे आहेत. त्यावर सोलर लावू नका. ते पत्रे ॲस्बेस्टॉसचे असण्याचीच शक्यता जास्त, त्यांना भोकं पाडणं फुफ्फुसांना घातक, आणि ते माणसाचं वजन पेलत नाहीत. आमच्या गल्लीत पॅनेल धुणारा एक पोरगा प्रकाशाच्या फायबर पत्र्यातून खाली पडला. वाचला, पण पुन्हा उभं राहून काम करू शकला नाही. आधी ते पत्रे जाणकार माणसांकडून उतरवून कलर कोटेड पत्रे टाका, खालचा सांगाडा स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्या, लाइफलाइन (सुरक्षा पट्टा अडकवायची दोरी) आणि चालायची पट्टी पहिल्या दिवसापासून बसवा. ५५० वॅटचं एक पॅनेल २८ किलोच्या आसपास असतं, पण मुद्दा वजनापेक्षा वाऱ्याचा. आयएस ८७५ या इमारतींवरच्या भारांच्या भारतीय मानकात नाशिकसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरलाय, आणि वळवाच्या पावसाआधीचं वादळ पत्र्यासकट पॅनेल उचलायला बघतं. इंजिनिअरचा दाखला त्याच वेगाच्या हिशोबाने असला पाहिजे.

धुण्याला बोअरचं जड पाणी वापरू नका, काचेवर क्षार बसतात. शेजारी फाउंड्री किंवा पेंट शॉप असेल तर दर आठवड्याला धुवावं लागेल.

तुम्ही शेवटी विचारलंय की मोठ्या कंपन्या पुरवठादारांकडून कार्बनचे आकडे मागतात, त्याला हे चालेल का. चालेल. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला, त्यातून ही विचारणा आपल्यापर्यंत येते. ग्रीडच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात, म्हणजे ८४,००० युनिटला जवळपास ५९ टन. सोलरची वीज मोजणाऱ्या जनरेशन मीटरचं रीडिंग दरमहा फोटोसह जपून ठेवा, पुरावा म्हणून तेच मागतात.

आणि ऑर्डर देण्याआधी एक बिनखर्चाचं काम करा. येत्या शनिवारी कारखाना बंद असताना एकट्याने जा, फक्त कॉम्प्रेसर चालू करा, टाकी भरू द्या आणि घड्याळ लावून बसा. कुणीही हवा वापरत नसताना तो किती वेळा पुन्हा लोड घेतो, म्हणजे हवा भरायला लागतो, आणि किती वेळ, ते लिहा. जितका वेळ तो लोडवर राहतो, तितकी हवा गळतेय. माझ्याकडे दहातली तीन मिनिटं तो फुकट चालत होता. ती गळती बंद केली तेव्हा पाच किलोवॅटचं सोलर कमी लागलं. ते रीडिंग आणि दिवसपाळीचा तासागणिक भार इथे टाका, मग किती किलोवॅट घ्यायचे ते बसून ठरवू.