कम्युटेशनचे पैसे सीताफळाच्या गरात घालावेत का?

प्रश्न थोडक्यात असा. वानवडीत राहणारे एक कर्नल, वय 54, आर्मी सर्व्हिस कोअरमधून, म्हणजे सैन्याच्या रसद पुरवठा विभागातून निवृत्त. मूळ गाव सासवडजवळ, घरची थोडी शेती. कम्युटेशन (पेन्शनचा काही भाग विकून मिळणारी एकरकमी रक्कम), ग्रॅच्युइटी, डीएसओपी (अधिकाऱ्यांचा भविष्य निर्वाह निधी), एजीआयएफ (सैन्याचा गट विमा) आणि रजेचा पगार मिळून 2 कोटी 10 लाख आले. त्यातले 40 लाख मुलीच्या शिक्षणासाठी वेगळे काढलेत. आता मेव्हण्यांबरोबर सासवडला सीताफळाचा गर काढून गोठवायचा कारखाना टाकायचाय. 20 गुंठ्यांना 60 लाख, शेड-यंत्रं-शीतगृहाला 65 लाख, आणि खेळत्या भांडवलासाठी वानवडीचा फ्लॅट तारण ठेवून 50 लाखांचा ओव्हरड्राफ्ट. निम्मी पेन्शन विकली यात फसलो का, हेही त्यांनी विचारलंय. पत्राची शेवटची ओळ त्यांच्या पत्नीची आहे: घर गहाण न टाकता हे जमणार नाही का?

कर्नलसाहेब, वहिनींच्या ओळीपासून सुरुवात करतो. जमेल, आणि तसंच करा. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना सीजीटीएमएसई या पतहमी निधीच्या हमीवर तारणाशिवाय कर्ज मिळतं. एप्रिल 2025 पासून त्याची मर्यादा 10 कोटी आहे. हमीचं शुल्क पडतं, बँक मॅनेजर नाराजीनं फ्लॅटची कागदपत्रं मागून बघतो, पण योजना आहे आणि तुम्ही तिचा आग्रह धरू शकता. मेव्हण्यांबरोबर साधी भागीदारी करू नका, एलएलपी करा, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, जिच्यात धंद्याचं देणं सहसा घरापर्यंत येत नाही. अर्थात बँकेला वैयक्तिक हमी लिहून दिलीत की त्या कर्जापुरती एलएलपीची ढाल गळून पडते, हे सही करण्याआधी लक्षात असू द्या.

कम्युटेशनमध्ये फसलेला नाहीत. 1 लाख 10 हजारांच्या पेन्शनपैकी 55 हजार विकलेत, त्याचे साधारण 57 लाख मिळाले. 15 वर्षांत 99 लाख कापले जातील. व्याजात मोजलं तर हे आठ टक्क्यांच्या आसपासचं कर्ज झालं. पण हाती आलेल्या रकमेवर कर नाही, महागाई भत्ता पूर्ण 1 लाख 10 हजारांवरच मिळतो, आणि मध्येच तुमचं काही बरंवाईट झालं तर उरलेली वसुली होत नाही, फॅमिली पेन्शनही कमी होत नाही. इतकं सोयीचं कर्ज बँक देत नाही. तेव्हा तो विषय मिटला.

मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. भत्ता धरून महिन्याला सुमारे 1 लाख 18 हजार खात्यात येतात, आजारपणाला ईसीएचएस ही माजी सैनिकांची आरोग्य योजना आहे. धंदा चालो न चालो, तुमच्या घरची चूल पेटतेच. साध्या दुकानदाराला दोन हंगाम तोटा झाला की त्याला शटर ओढावंच लागतं. तुम्हाला कुणी तसं भाग पाडणार नाही. 'यंदा पाऊस लांबला', 'पुढच्या वर्षी नक्की' असं म्हणत तुम्ही सात-आठ वर्षं ठेवी मोडत राहू शकाल, आणि घरात कुणाला ते जाणवणारही नाही. पेन्शनवर धंदा करणाऱ्यांची बुडण्याची पद्धत ही अशी असते, संथ. त्यात तुमचा पेशा हातातली मोहीम अर्धवट सोडू न देणारा. म्हणून आकडा आजच ठरवा: जागा, यंत्रं, तोटा, सगळं धरून स्वतःचे 50 लाख. ते संपले की बंद. आकडा वहिनींच्या समोर लिहा आणि कागद त्यांच्याकडे ठेवा.

आता गराचं गणित. सीताफळाचं निम्म्याहून जास्त वजन साल आणि बियांत जातं. एक किलो गराला तीन किलो फळ धरलं आणि फळ 45 रुपयांनी पडलं, तर नुसत्या फळाचे 135 झाले. गर काढणाऱ्या बायकांची मजुरी, वीज, पॅकिंग त्यावर. फळ टिकत नाही, फ्रिजमध्ये काळं पडतं, म्हणून गर काढून उणे 18-20 अंशांवर ठेवावा लागतो. हंगाम काही महिन्यांचा, विजेचं बिल बारा महिन्यांचं. शेतकऱ्याला पैसे बाजारात रोख द्यायचे आणि आईस्क्रीमवाला तुम्हाला तीन महिन्यांनी देणार. 50 लाखांचा ओव्हरड्राफ्ट या फटीत जिरतो, यंत्रात नाही. तुमच्या प्रकल्प अहवालात फळाचा भाव आहे, उधारीचे दिवस कुठेच नाहीत.

यावर थोडा इलाज आहे. उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून सरकारी नोंद, पहिल्या दिवशी करा. सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असेल तर ठरल्या मुदतीत, जास्तीत जास्त 45 दिवसांत, आणि करार नसेल तर 15 दिवसांत दिले नाहीत, तर आयकर कायद्यातल्या तरतुदीमुळे (1961 च्या कायद्यात कलम 43बी(एच)) खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत आयकरात दाखवता येत नाही. मार्च जवळ आला की याचा उपयोग होतो. एरवी मोठा गिऱ्हाईक तुटेल या भीतीनं कुणी बोलत नाही, तुम्हीही बोलणार नाही.

म्हणून पहिल्या हंगामात बांधू नका. त्या पट्ट्यात चालू प्लँट आहेत. भाड्यानं किंवा जॉबवर्कवर, म्हणजे फळ तुमचं आणि काम मजुरी देऊन त्यांचं, असा गर काढून घ्या. मेव्हणे पहाटे बाजारात उभे राहतात का, वजनकाट्यावर कुणाचा हात असतो, नाकारलेला माल कोण सोसतो, हे पाच-सात लाखांत कळेल. सप्लायमधली तुमची नोकरी इथे उपयोगी पडेलच, पण तिथे इंडेंट (मागणीपत्र) आधी यायचा आणि माल नंतर निघायचा. इथे माल आधी भरायचा.

जागेबद्दल तुम्ही लिहिलंय, 'धंदा बुडाला तरी जमीन राहील, पुरंदरचा विमानतळ होतोच आहे.' मग ती जमिनीची गुंतवणूक म्हणा आणि तिचा विचार वेगळा करा. विमानतळाच्या आशेनं आधीच चढलेल्या भावात गराच्या कारखान्यानं जागा का घ्यावी?

उरलेल्या 1 कोटी 20 लाखांवर वेळ घालवत नाही. सैन्यातून निवृत्त झालेल्यांना ज्येष्ठ नागरिक बचत योजना वयाच्या 50 पासून खुली आहे. 30 लाख भरलेत तर 8.2 टक्क्यांनी दर तिमाहीला 61,500 मिळतात. बाकीचे निम्मे बँक ठेवीत, निम्मे दोन वर्षांत हप्त्याहप्त्यानं इंडेक्स फंडात. पेन्शन कायदा, 1871 च्या कलम 11 मुळे कर्ज देणाऱ्याला तुमच्या पेन्शनवर जप्ती आणता येत नाही. ठेवींना तसं कवच नाही, तेव्हा ओव्हरड्राफ्टसाठी त्यांवर बोजा चढवू नका.

जॉबवर्कचा हंगाम झाला की दोन खरेदीदारांच्या लेखी ऑर्डरी आणि त्यांनी प्रत्यक्ष किती दिवसांनी पैसे दिले त्याचं बँक स्टेटमेंट घेऊन या. शेडचं बोलू.